धुळीतून आलेली माणसे आणि वीडपॅचची शाळा

संकटात सापडलेल्या माणसाला भाकरी देणारे हात आपल्याकडे कधी कमी पडले नाहीत. १९६१ साली पानशेतचे धरण फुटले, १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला, १९९३ साली किल्लारीची जमीन हादरली. प्रत्येक वेळी मोहल्ल्यांतून, पेठांतून, वाड्यावस्त्यांतून धान्याची पोती आणि कपड्यांची गाठोडी निघाली. तथापि पहिल्या आठवड्यातले औदार्य आणि सहाव्या महिन्यातला शेजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका पावसाळ्यात, मी शिकवीत होतो त्या शाळेच्या चार खोल्यांत पूरग्रस्त कुटुंबे उतरविण्यात आली होती. पहिल्या दिवशी पालकांनी घरून भाजीभाकरी, चादरी, इतकेच काय पण मुलांची खेळणीही आणून दिली. पंधराव्या दिवशी तेच पालक मला रस्त्यात थांबवून विचारू लागले, "मास्तर, वर्ग कधी मोकळे होणार?" विचारणारे वाईट होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या मुलांची चाचणी परीक्षा तोंडावर आली होती आणि वर्ग व्हरांड्यात भरत होते.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्या वेळी एका दूरदेशीच्या हकीकतीची आठवण झाली. ती आपल्या समाजातील पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी वाचावी असे फार दिवस मनात होते, कारण या हकीकतीच्या केंद्रस्थानी एक शाळा आहे. हकीकत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची, १९३० ते १९४५ या काळातील आहे.

अमेरिकेच्या मध्यभागी गवताळ मैदानांचा अफाट प्रदेश आहे. कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ओक्लाहोमा आणि टेक्सास या पाच राज्यांच्या सीमा जेथे जवळ येतात तो भाग मूळचा कमी पावसाचा. पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांचे गवत उपटून लाखो एकर जमीन नांगराखाली आणली. गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलेली माती मोकळी झाली. पुढे गव्हाचा भाव कोसळला, १९३१ पासून पावसाने पाठ फिरविली आणि वारा ती माती उचलून नेऊ लागला. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी धुळीचा एवढा मोठा लोट आला की भर दिवसा काळोख झाला. त्या दिवसाला तिकडे 'काळा रविवार' म्हणतात. तेव्हा ही आपत्ती आस्मानी होती हे खरे, परंतु तिला वाट माणसाच्या नांगराने करून दिली होती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॅलिफोर्नियाला आलेले सगळे लोक धुळीच्या वादळातून पळून आले असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक त्या वादळी पट्ट्यातून आलेले फार थोडे होते. बहुसंख्य लोक ओक्लाहोमाचा पूर्व भाग, आर्कान्सा, टेक्सास आणि मिसूरी येथील कापसाच्या शेतावरची कुळे होती. अवर्षणाने त्यांचेही पीक करपले होते. त्यातच १९३३ साली सरकारने भाव सावरण्यासाठी कापसाचे क्षेत्र घटविण्याची योजना आणली आणि पडीक ठेवलेल्या जमिनीबद्दल पैसे देऊ केले. ते पैसे मुख्यतः जमीनमालकाच्या हातात पडले. अनेक मालकांनी त्यातून ट्रॅक्टर घेतला आणि कुळांना जमिनीवरून उठविले. म्हणजे एकाच दाराशी दुष्काळ, मंदी, सरकारी योजना आणि यंत्र अशी चारही संकटे एकदम उभी राहिली. आपत्तीत घर सोडणाऱ्या माणसाला 'तू नेमका कशामुळे आलास?' असे विचारले तर त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही ते यामुळेच.

या चार राज्यांतून त्या दशकात तीन लाखांच्या आसपास माणसे कॅलिफोर्नियात आली. जुन्या मोटारीच्या टपावर गादी, मागे बांधलेली भांडी, आत आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळे कुटुंब, अशी ही वरात सहासष्ट क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेकडे निघाली. त्यांतील निम्म्याच्या आसपास लोक लॉस एंजेलिससारख्या शहरांकडे गेले. त्यांच्याविषयी कोणी फारसे लिहिले नाही. उरलेले सान होआकिन खोऱ्यातल्या शेतांकडे वळले, आणि वाद पेटला तो तेथे.

या खोऱ्याच्या दक्षिण टोकाला कर्न कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. बेकर्सफील्ड हे तिचे मुख्य शहर. १९३० साली कौंटीची लोकसंख्या सुमारे ८३ हजार होती, ती १९४० साली १ लाख ३५ हजारांवर गेली. शंभर माणसांच्या गावात दहा वर्षांत आणखी त्रेसष्ट माणसे येऊन राहिली, असा त्याचा अर्थ. शाळेच्या खोल्या तेवढ्याच, इस्पितळातील खाटा तेवढ्याच, आणि मंदीमुळे कर भरणाऱ्यांचे खिसे आधीच रिकामे. स्थानिक लोकांच्या रागाला निव्वळ दुष्टपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. आलेली कुटुंबे कालव्यांच्या काठी चिंध्यांच्या आणि पुठ्ठ्यांच्या पालांत राहत. त्याच कालव्याचे पाणी प्यायचे, त्याच पाण्यात धुवायचे. साखर कारखान्याच्या फडाजवळची ऊसतोडणी कामगारांची पाले ज्या वाचकांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र मी रंगवून सांगण्याची गरज नाही. देवी, विषमज्वर यांची धास्ती गावाला वाटू लागली, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

पण या सगळ्या प्रकरणात एक वेगळीच गंमत आहे. ज्या बड्या बागाईतदारांना पालांतली माणसे वेचणीच्या हंगामात हवी असत, त्यांनाच हंगाम उलटला की ती नकोशी होत. कापूस, द्राक्षे, वाटाणा, बटाटा ही पिके हातांनी काढायची होती. यापूर्वी ही कामे मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर करीत. मंदी येताच 'आमच्या नोकऱ्या खातात' म्हणून मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना अमेरिकेतून मेक्सिकोकडे धाडण्यात आले. त्यांतील पुष्कळजण अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे कायद्याने अमेरिकेचे नागरिक होते. मोकळ्या झालेल्या पालांत ओक्लाहोमाची माणसे येऊन बसली. एका कामाला दहा हात आले म्हणजे मजुरी कोणत्या दिशेला जाते ते सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कपाशी वेचताना 'आमचे कष्टाळू मजूर' आणि पौष-माघात 'सरकारी मदतीवर जगणारे ऐतखाऊ', अशी दोन नावे त्याच माणसांना त्याच तोंडांनी दिली.

तिसरे नाव 'ओकी'. मुळात ओक्लाहोमाचा रहिवासी एवढाच त्याचा अर्थ. कॅलिफोर्नियात ती शिवी झाली. माणूस टेक्सासचा असो की आर्कान्साचा, फाटक्या कपड्यांत दिसला की तो ओकी. खोऱ्यातील एका सिनेमागृहात काळ्या लोकांनी आणि ओकींनी वरच्या मजल्यावर बसावे अशी पाटी होती, असे त्या काळाच्या हकीकतींत नमूद आहे. विद्यार्थी मित्रांनी येथे थोडे थांबावे. हे लोक वर्णाने गोरे होते, धर्माने प्रॉटेस्टंट होते, भाषा इंग्रजी होती, अनेकांचे पूर्वज अमेरिकेच्या स्थापनेपूर्वीपासून त्या भूमीवर होते. वर्ण, धर्म, भाषा किंवा देश, यांपैकी कशातही ते परके नव्हते. तरीही त्यांचे हेल काढून बोलणे, त्यांची प्रार्थनेची मोठ्या आवाजाची पद्धत, त्यांचे अनवाणी पाय हीच परकेपणाची खूण ठरली. ज्याला परके मानायचे ठरवले आहे त्याच्या अंगावर खूण शोधायला समाजाला फार वेळ लागत नाही.

फेब्रुवारी १९३६ मध्ये तर कमाल झाली. लॉस एंजेलिस शहराचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपले १३६ पोलीस शेकडो मैल दूर राज्याच्या सीमेवरील नाक्यांवर पाठविले. ज्याच्या खिशात पैसा नाही आणि ज्याला येण्याचे ठोस कारण सांगता येत नाही त्याला परत फिरवा, असा हुकूम. एका शहराचे पोलीस साऱ्या राज्याच्या वेशी राखीत उभे, हा प्रकार कोणत्या कायद्यात बसत होता ते राज्याच्या महाधिवक्त्यालाही सापडले नाही. शहरातील मोठ्या वृत्तपत्राने मात्र पाठ थोपटली. शेजारच्या राज्यांनी कुरकुर केली, नागरी हक्कवाल्यांनी कोर्टाची पायरी दाखविली आणि दोनएक महिन्यांत एप्रिलमध्ये नाके गुंडाळले गेले. या डेव्हिससाहेबांचा स्वतःचा जन्म टेक्सासचा होता! लॉस एंजेलिसचे बहुतेक प्रतिष्ठित नागरिकही एका पिढीपूर्वी बाहेरूनच येऊन स्थिरावलेले. उशिरा आलेल्याला दार लावण्याची घाई सर्वांत जास्त आदल्या दिवशी आलेल्याला असते, हे मी अनेक गावांच्या इतिहासात पाहिले आहे.

दुसऱ्या बाजूला मदत करणारेही होतेच. मार्च १९३६ मध्ये डोरोथिआ लँग या छायाचित्रकार बाईंनी निपोमो गावाजवळ वाटाणा काढणाऱ्या मजुरांच्या तळावर एका मातेचे आणि तिला बिलगलेल्या मुलांचे छायाचित्र घेतले. गोठलेल्या पिकामुळे तेथे काम नव्हते आणि माणसे उपाशी होती. वृत्तपत्रांत बातमी व छायाचित्रे येताच त्या तळावर हजारो पौंड अन्नधान्य रवाना झाले. ते पोहोचेपर्यंत त्या बाई आपल्या मुलांना घेऊन कामाच्या शोधात पुढे निघून गेल्या होत्या. आणि आणखी एक गोष्ट पुष्कळ वर्षांनी कळली. त्या मूळच्या ओक्लाहोमाच्या चेरोकी वंशाच्या होत्या आणि दुष्काळ पडण्यापूर्वीच कॅलिफोर्नियात आलेल्या होत्या. साऱ्या जगाने ज्यांना धुळीच्या वादळाचा चेहरा मानले त्या बाई त्या वादळातून आलेल्याच नव्हत्या. छायाचित्रावर विसंबून इतिहास लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

केंद्र सरकारने या मजुरांसाठी वसाहती उभारल्या. कर्न कौंटीत आर्विन गावाजवळ अशी एक वसाहत झाली. तिला सगळे 'वीडपॅच' म्हणत. लाकडी ओट्यांवर तंबू, स्वच्छ पाणी, न्हाणीघरे, संडास, दवाखाना. टॉम कॉलिन्स या व्यवस्थापकाने रहिवाशांचीच निवडून दिलेली पंचमंडळी नेमली आणि वसाहतीचा कारभार तिच्यावर सोपविला. लोक आपसांतले तंटे सोडवीत, शनिवारी नाचगाणी करीत, स्वतःचे छोटे वृत्तपत्र चालवीत. याच कॉलिन्सच्या नोंदी आणि मदत घेऊन जॉन स्टाइनबेक याने 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ही कादंबरी लिहिली व ती त्याला अर्पण केली. आसपासच्या बागाईतदारांना वसाहतीची फार भीती वाटे. तेथे एकत्र राहणारी माणसे संघटना करतील, मजुरी वाढवून मागतील, ही ती भीती. तेथे एक गोष्ट मात्र विसरू नये. मेक्सिकन मजूर त्याच कालव्यांच्या काठी त्याच हालांत कितीतरी वर्षे राहत होते, तेव्हा त्यांच्यासाठी अशी वसाहत कोणी काढली नव्हती. गोऱ्या माणसाचे मूल चिखलात बसलेले दिसले तेव्हा सरकारला पाझर फुटला.

कादंबरी १९३९ च्या वसंतात प्रसिद्ध झाली आणि ऑगस्टमध्ये कर्न कौंटीच्या लोकनियुक्त मंडळाने चार विरुद्ध एक मतांनी ठराव करून तिला कौंटीच्या ग्रंथालयांत व शाळांत बंदी केली. बेकर्सफील्डमध्ये बागाईतदार संघटनेच्या बिल कँपने एका शेतमजुराच्या हातून पुस्तकाची प्रत जाळविली आणि त्याचे छायाचित्र काढविले. हा कँपही मूळचा दक्षिण कॅरोलिनाचा! कौंटीच्या ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी मंडळाला पत्र लिहून स्पष्ट कळविले की पुस्तक वाचू दिले नाही म्हणून त्यातला विचार मरत नाही. नोकरी मंडळाच्या हातात असताना हे लिहिणे सोपे नव्हते. बंदी आली तेव्हा नीफबाईंनी ती पाळली, पण आपल्या प्रती अन्य ठिकाणच्या ग्रंथालयांना देऊ केल्या. १९४१ च्या जानेवारीत बंदी उठली. आता प्रामाणिकपणे सांगायचे तर खुद्द ओकींपैकी पुष्कळांना ती कादंबरी आवडली नाही. आपल्याला गावंढळ आणि अचकटविचकट बोलणारे दाखविले, अशी त्यांची तक्रार होती. मदतीला धावून आलेल्या लेखकालाही माणसाच्या अब्रूचा हिशेब चुकता करावाच लागतो.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो.

वसाहतीतील मुले आसपासच्या सार्वजनिक शाळांत जात. कायद्याने त्यांना प्रवेश नाकारता येत नव्हता. पण प्रवेश मिळणे वेगळे आणि जागा मिळणे वेगळे. इतर मुले त्यांच्या बोलण्याची नक्कल करीत, कपड्यांना हसत. काही वर्गांत शिक्षक त्यांना मागे जमिनीवर बसवीत आणि खुर्च्या गावच्या मुलांना देत, असे त्या मुलांनी मोठेपणी सांगितले आहे. पिकामागून पीक, गावामागून गाव करीत आलेल्या या मुलांचे वाचन कच्चे होते. दहा वर्षांच्या मुलाला अक्षरे जुळविता येत नसत. शिक्षकांनी त्याचा अर्थ 'मंदबुद्धी' असा लावला. एका वर्षात चार शाळा बदललेल्या मुलाचे दुसरे काय होणार? पण चाचणीच्या कागदावर चार शाळांचा रकाना नसतो.

गावच्या पालकांची तक्रार अशी, की आमच्या कराच्या पैशाने बांधलेल्या शाळेत आमच्याच मुलांना बसायला जागा नाही, ही मुले रोग आणतील, वर्ग मागे पडेल. यांतल्या पहिल्या वाक्यात तथ्य होते. तक्रार करणारे स्वतः श्रीमंत नव्हते. छोटे दुकानदार, छोटे शेतकरी, तेलाच्या विहिरींवरचे कामगार. आपल्या मुलाचे शिक्षण हीच त्यांची पुंजी.

या वेळी लिओ हार्ट नावाचे गृहस्थ कर्न कौंटीचे शिक्षणाधिकारी म्हणून निवडून आले होते. तिकडे हे पद निवडणुकीचे असते. म्हणजे मते गावच्या पालकांची, आणि प्रश्न ज्यांना कर्नमध्ये मत नाही अशांच्या मुलांचा. हार्ट वेळ काढून वीडपॅचच्या बाजूच्या मैदानात जात, मुलांशी खेळत, गप्पा मारीत. या मुलांना शाळेत ठेवण्याचा हट्ट गावाशी धरला तर रोज भांडण होईल आणि त्यात मुलेच भरडली जातील, हे त्यांनी ओळखले. मुलांना शाळेतून काढले तर ती कायमची कापसाच्या ओळीत जातील, हेही त्यांना दिसत होते. त्यांनी तिसरा मार्ग काढला. गर्दीच्या काळात 'तातडीची शाळा' काढण्याची कायद्यात सोय होती. तिचा आधार घेऊन त्यांनी वसाहतीला लागून असलेली दहा एकर जागा सरकारकडून दहा डॉलरला भाड्याने घेतली. जागेवर दोन मोडकळीस आलेल्या इमारती होत्या आणि उरलेले माळरान. गावाने विरोध केला नाही. ही मुले आपल्या शाळेतून जाणार याचा गावाला आनंदच झाला होता!

पालकांनी या निर्णयाचा नीट विचार करावा. वेगळी शाळा म्हणजे वेगळे पाडणे, हा आक्षेप हार्टवर घेता येतो, आणि तो खोटा नाही. मीही अनेक वर्षे याच बाजूचा होतो. अल्पसंख्य समाजाने स्वतःची शाळा काढावी की सर्वांच्या शाळेत हक्काने बसावे, हा वाद आपल्या घरांतही ऐकू येतो. माझे आताचे मत असे, की पुष्कळसे त्या शाळेत काय शिकवले जाते यावर अवलंबून आहे. वेगळ्या शाळेत उरलेसुरले शिक्षण मिळाले तर ती कोंडवाडा होते. हार्टने उलट केले.

१९४० च्या सप्टेंबरात सुमारे पन्नास मुले आणि आठ शिक्षक यांच्यासह 'आर्विन फेडरल इमर्जन्सी स्कूल' सुरू झाले. हार्टने शिक्षक निवडून घेतले. ज्यांना ही मुले शिकवायची मनापासून इच्छा आहे असेच. इमारत नव्हती, तेव्हा इमारत बांधणे हाच अभ्यासक्रम झाला. सकाळी वाचन, गणित, भूगोल. मग गवंडीकाम, सुतारकाम, नळकाम, वीजकाम. हार्टने ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून मागून आणले. कोठून विटा, कोठून जुने लाकूड, कोठून बियाणे, कोठून जनावरे. मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून वर्ग उभे केले, भाजीपाला लावला, गाई-डुकरे पाळली, आणि त्यांतून शाळेच्या स्वयंपाकघराची गरज भागू लागली. पुष्कळ मुलांच्या पोटात दिवसातले पोटभर अन्न शाळेतच जाई. उपाशी मूल शिकत नाही हे हार्टला कोणत्या अहवालातून शिकावे लागले नाही.

या शाळेत विद्यार्थ्यांना चांभारकाम, शिवणकाम, टंकलेखन शिकायला मिळे. रसायनशास्त्राच्या तासाला मुली सौंदर्यप्रसाधने तयार करीत. मुख्याध्यापक पीट बँक्रॉफ्ट यांनी एक जुने विमान मिळविले, ते मैदानात आणून ठेवले आणि यंत्रकामाचा वर्ग त्यातच भरू लागला. गणितात शेकडा नव्वद गुण मिळविणाऱ्याला ते विमान मैदानातल्या पट्ट्यावर चालवायला मिळे असे सांगतात. मुलांना पोहायला तलाव हवा होता, तेव्हा त्यांनी तो स्वतः खणला आणि बांधला. तशा प्रकारचा शाळेचा तलाव त्या आसमंतात दुसरा नव्हता.

आणि मग व्हायचे ते झाले. ज्या पालकांना ओकींची मुले आपल्या मुलांजवळ नको होती, त्यांची मुले घरी जाऊन विचारू लागली की त्या शाळेत विमान आहे, तलाव आहे, आपल्या शाळेत का नाही? गावच्या पालकांनी आपली मुले वीडपॅचच्या शाळेत घ्यावीत म्हणून अर्ज केले. १९४४ साली ही तातडीची शाळा व्हाइनलँड शाळा-विभागात नेहमीची शाळा म्हणून समाविष्ट झाली. ओकींची मुले आणि गावची मुले एकाच आवारात आली. ती गावच्या शाळेच्या आवारात आली नाहीत, ओकींनी बांधलेल्या शाळेच्या आवारात आली. त्या मुलांतून पुढे शिक्षक, व्यावसायिक, सरकारी अधिकारी झाले.

हे सारे एका शाळेने केले असे मात्र मी लिहिणार नाही. काळही बदलला होता. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. जहाजांच्या गोद्या आणि विमानांचे कारखाने यांना हात कमी पडू लागले. काल जे 'जास्तीचे' होते ते आज हवेहवेसे झाले. ओकी शेतातून कारखान्यात गेले आणि मोकळ्या शेतांसाठी १९४२ पासून मेक्सिकोशी करार करून पुन्हा मेक्सिकन मजूर आणावे लागले. ज्यांना दहा वर्षांपूर्वी गाडीत घालून परत पाठविले त्यांनाच आमंत्रण! अर्थव्यवस्थेची गरज बदलली की पुष्कळांची मते बदलतात. मन बदलले असे त्यावरून समजू नये.

कायद्याच्या बाजूने एक निकाल येथे नोंदविला पाहिजे. कॅलिफोर्नियात असा कायदा होता की राज्याबाहेरच्या निर्धन माणसाला जाणूनबुजून आत आणणे हा गुन्हा. मेरीझव्हिल गावचे फ्रेड एडवर्ड्स डिसेंबर १९३९ मध्ये टेक्सासला गेले आणि आपल्या पत्नीच्या बेकार भावाला मोटारीतून घरी घेऊन आले. निघताना त्या मेव्हण्याजवळ वीस डॉलर होते, ते वाटेत संपले. एवढ्यासाठी एडवर्ड्स यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती तहकूब ठेवली गेली खरी. मेव्हण्याला घरी आणल्याबद्दल शिक्षा, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांना मोठी नवलाची वाटेल. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. न्यायमूर्ती बर्न्स यांनी राज्याराज्यांतील दळणवळणाच्या तरतुदीवर निकाल आधारला आणि गरीब असणे म्हणजे नीतिभ्रष्ट असणे नव्हे हेही स्पष्ट केले. न्यायमूर्ती डग्लस आणि जॅक्सन यांनी आणखी पुढे जाऊन म्हटले, की देशात कोठेही जाण्याचा हक्क हा नागरिकत्वाचाच भाग आहे. निकाल महत्त्वाचा खराच, पण तो येईपर्यंत वीडपॅचच्या शाळेला एक वर्ष होऊन गेले होते.

'ओकी' या शब्दाचेही पुढे नशीब पालटले. १९६९ साली मर्ल हॅगार्ड या गायकाचे या नावाचे गाणे साऱ्या अमेरिकेत गाजले. हॅगार्डचे आईवडील ओक्लाहोमाहून आलेले आणि तो बेकर्सफील्डजवळ १९३७ साली जन्मलेला. आजोबांची शिवी नातवंडांनी अभिमानाने छातीवर लावली. पण त्याच खोऱ्यात १९६५ साली फिलिपिनो आणि मेक्सिकन वंशाच्या द्राक्ष-मजुरांनी लॅरी इटलिओंग आणि सेझर चावेझ यांच्या नेतृत्वाखाली डेलानो येथे संप पुकारला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध ऐकू आलेली वाक्ये तीसएक वर्षांपूर्वीच्या वाक्यांसारखीच होती. आळशी, घाणेरडे, बाहेरचे, करदात्यांवर बोजा. ऐकणाऱ्या घरांपैकी काही घरे एके काळी पालांतून उठून आलेली होती. त्यांच्यापैकी किती जणांना आपले जुने दिवस आठवले आणि किती जणांनी ते मुद्दाम विसरले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

वीडपॅचची वसाहत अजून आहे. जुन्या काळाच्या तीन लाकडी इमारती, म्हणजे सभागृह, ग्रंथालय आणि टपाल कचेरी, राष्ट्रीय वारसा म्हणून जतन केल्या आहेत. शेजारच्या घरांत हंगामी शेतमजूर राहतात. ते बहुतांशी मेक्सिकन वंशाचे आहेत. हंगाम संपला की कुटुंबे निघून जातात आणि पुढच्या वर्षी परत येतात. त्यांची मुले शाळेत जातात ती व्हाइनलँड विभागाच्या शाळांत. त्यांतल्या एकीचे नाव सनसेट. हीच ती ओकींच्या मुलांनी बांधलेली शाळा.